कुंटणखान्यावरच्या पोलिसांच्या रेडमधून सोडवलेल्या बाईला नंतर कायद्याचा काय त्रास होतो?

पहिला त्रास म्हणजे सुटका झाली तरी ती घरी जाऊ शकत नाही. पिटा म्हणजे देहव्यापारविरोधी कायद्याच्या कलम १७ खाली तिला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात, मग चौकशी, घरच्यांची माहिती काढणं वगैरे, आणि मॅजिस्ट्रेटला वाटलं तर एक ते तीन वर्षं सुधारगृहात. म्हणजे दलाल जामिनावर बाहेर आणि ही आत, आता बोला! २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने अशाच तीन बायकांना सोडताना सांगितलं की सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध असं डांबून ठेवता येत नाही, पण खालच्या कोर्टांत सगळीकडे ते पाळलं जातंच असं नाही.

दुसरं, साक्ष. केस उभी राहीपर्यंत मुलगी बंगालमध्ये किंवा नेपाळमध्ये आपल्या गावी गेलेली असते, समन्स घरी आलं की गावभर बोभाटा, मग ती येत नाही आणि आरोपी सुटतो. व्हिडिओवर साक्ष देता येते, ते वकिलाला आधीच सांगून ठेवा. बांगलादेशी असेल तर कागदपत्रांचं आणखी वेगळंच लफडं.

तिसरं, भरपाई. सरकारकडून पीडितेला मिळणाऱ्या भरपाईसाठी आरोपीला शिक्षा व्हायलाच हवी असं नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, ते जिल्हा कोर्टातच असतं. वकील पण तिथूनच फुकट मिळतो, तस्करीच्या पीडितांना उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे दाखल्यासाठी कोणी हेलपाटे मारायला लावले तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ दाखवा.