वर्गात खोटी कंपनी चालवून मुलं खरंच धंदा शिकतात का?

नमस्कार मॅडम. तुम्ही विचारलंय की परभणी जिल्ह्यातल्या तुमच्या शाळेत नववीच्या मुलांकडून वर्षभर व्हर्च्युअल कंपनी चालवून घ्यायचं डोक्यात आहे, माल पण खोटा आणि पैसा पण खोटा, स्टाफरूममध्ये सगळे म्हणायलेत की हा टाईमपास आहे, तर यातून मुलं खरंच काही शिकतात का आणि शाळेत कॉम्प्युटर लॅब नसली तर कसं करायचं. मी लातूर जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला कॉमर्स शिकवतो, अकरावीच्या पोरांकडून सहा वर्षं झाली हेच करून घेतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिकतात. फक्त एक गोष्ट सांभाळावी लागते. माल खोटा चालतो, पैसा खोटा चालतो, तारखा मात्र खऱ्या पाहिजेत. उधारी ४५ दिवसांची म्हणली तर वर्गात खरेच ४५ दिवस जाऊ द्यायचे.

हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. तेव्हा मी प्रत्येक ग्रुपला एक लाख रुपये लिहून दिले, एका तासिकेत खरेदी, दुसऱ्या तासिकेत विक्री, तिसरीत हिशोब, असं करत तीन आठवड्यांत आमचं आर्थिक वर्ष संपलं आणि सगळेच ग्रुप नफ्यात. पोरं खुश, प्राचार्य खुश, बक्षिसं पण वाटली. दिवाळीच्या सुट्टीत मी त्या वह्या घरी घेऊन बसलो तर लक्षात आलं की यात कुणीच कुणाच्या पैशाची वाट बघितलेली नाही. विकलं की पैसे आले. आता तुम्हीच सांगा, आपल्या मराठवाड्यात असा धंदा कुठं आहे? कृषी सेवा केंद्रवाला बियाणं-खत जूनमध्ये देतो आणि पैसे सोयाबीन निघाल्यावर बघतो, किराणावाला महिन्याच्या खात्यावर चालतो, मिस्त्री म्हणतो स्लॅब पडल्यावर द्या. आख्खा बाजार वाट बघण्यावर उभा आहे आणि मी पोरांना त्यातली वाट बघणंच वगळून शिकवलं होतं.

मला हे इतकं का लागतं ते पण सांगतो. माझ्या वडिलांचं खताचं दुकान होतं. माणसं चांगली, गिऱ्हाईक भरपूर, खतावणीत म्हणजे खात्यांच्या वहीत दरवर्षी नफा. कंपनीच्या डिलरला पैसे ठरलेल्या तारखेला द्यायचे आणि शेतकऱ्याकडून सुगीवर घ्यायचे, मधले चार महिने कसे काढायचे हा सगळा खेळ. मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं ते तुम्हाला आठवत असेल, त्याच उन्हाळ्यात आमचं दुकान बंद झालं. त्या दिवशीसुद्धा खतावणीप्रमाणे आम्ही नफ्यात होतो. येणं होतं, फक्त आलेलं नव्हतं, आणि ज्यांच्याकडून यायचं होतं त्यांच्या घरी जाऊन मागायची वडिलांची हिंमत होत नव्हती कारण त्यांच्याकडं प्यायला पाणी नव्हतं. मी तेव्हा बी.कॉम. झालेला होतो. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते, पण वडिलांच्या दुकानात ते मला दिसलं नाही.

आता तुमच्या स्टाफरूमसाठी एक गोष्ट. ही पद्धत काही मी काढलेली नाही. जर्मनी-ऑस्ट्रियाकडं हे फार वर्षांपासून चालतं, ऑस्ट्रियात तर कॉमर्सच्या शाळांच्या अभ्यासक्रमातच आहे, न्यूयॉर्कच्या शाळांत १९९६ पासून सुरू आहे आणि आज चाळीसच्या वर देशांत अशा हजारो खोट्या कंपन्या एकमेकींशी व्यवहार करतात. त्यांचं तत्त्व सोपं आहे, माल आणि नोटा नसतात पण कागद सगळे खरे असतात, म्हणजे कोटेशन, ऑर्डर, बिल, पावती, पगारपत्रक, टॅक्स, आणि मधे एक ऑफिस बसवलेलं असतं जे सगळ्यांची बँक पण असतं आणि टॅक्सवालं पण. वर्गात ते ऑफिस म्हणजे तुम्ही.

एक प्रसंग सांगतो, मागच्या वर्षीचा. सहा जणांच्या एका ग्रुपनं दालमिल काढली. बँकेतून म्हणजे माझ्याकडून ९० हजार कर्ज घेतलं, दहा क्विंटल तूर घेतली, वर्गात आम्ही भाव ७,५०० धरला होता, म्हणजे ७५ हजार. भरडाई, हमाली, बारदाना, व्याज सगळं धरून वरती दहा हजार. झाले ८५ हजार. पोरांनी हिशोब केला की किलोला ८५ रुपये पडले, आपण ९५ नी विकू, हजार किलोवर दहा हजार सुटतात. कोटेशन लिहिलं, सही-शिक्का मारला आणि किराणा दुकानवाल्या ग्रुपला देऊन पण टाकलं. मी बघितलं आणि काही बोललो नाही. दुसऱ्याच ग्रुपमधली एक मुलगी, तिचे वडील उदगीरला दालमिलवर हमाल आहेत, ती कधी तोंड उघडत नाही वर्गात, तिनं तो कागद वाचला आणि तिथल्या तिथं म्हणली, "सर, क्विंटलभर तुरीची क्विंटलभर डाळ कुठं पडत असती का? सत्तर किलो पडली तर लई झालं, बाकीची चुनी आणि टरफल."

वर्ग गप्प. मग त्या सहा जणांनी परत मांडलं. हजार किलो तुरीची डाळ सातशे किलो. चुनी म्हणजे डाळीचा चुरा विकून चार हजार धरले तरी डाळ किलोला ११५ रुपयांच्या वर पडायलीय, आणि ह्यांनी ९५ चं लेखी देऊन ठेवलेलं. "सर, कोटेशन फाडू का?" मी म्हणलं फाडायचं नाही, पत्र लिहायचं. चार वेळा खोडून त्यांनी पत्र लिहिलं, चूक आमची आहे, भाव १२२ करावा लागेल, आणि मालही हजार नाही, सातशेच किलो देता येईल. किराणावाली पोरं हुशार, ती म्हणली ठीक आहे पण मग उधारी दोन महिन्यांची पाहिजे. तेव्हा मी दालमिलवाल्यांना २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा वाचायला दिला, त्यात आहे की लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे आणि करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढं नेता येत नाही, नेलं तर चक्रवाढ व्याज. तर ४५ वर तोडगा निघाला. हे पान मी दर वर्षी पाठ्यपुस्तकासारखंच शिकवत होतो, पण ज्या दिवशी त्याचा उपयोग करून समोरच्याला नमवायचं होतं त्या दिवशी पोरांनी ते पेन्सिलनं खुणा करून वाचलं.

आता खरा मुद्दा पुढं आला. सातशे किलो १२२ नी, ८५,४०० रुपये. चुनीचे चार हजार. खर्च ८५ हजार. नफा ४,४००. पोरांनी फळ्यावर लिहिलं आणि टाळ्या पण वाजवल्या. आणि पाच तारखेला बँकेचा हप्ता होता दहा हजार. त्यांच्याकडं रोख किती? कर्जातले उरलेले पाच आणि चुनीचे चार, नऊ हजार. हप्ता चुकला. एक पोरगा अगदी रडवेला होऊन माझ्या टेबलापाशी आला, रोजमेळ म्हणजे रोजच्या रोकडीची वही उघडून दाखवला आणि म्हणला, "सर, नफा तर झालाय की, मग पैसे कुठं गेले?"

मॅडम, ह्या एका वाक्यासाठी मी वर्षभर हे सगळं करतो. ते वाक्य पोराच्या तोंडून आलं पाहिजे, आपण फळ्यावर लिहून उपयोग नाही. आणि ते तेव्हाच येतं जेव्हा पैसे यायला महिना-दीड महिना खरंच बाकी असतो आणि मधल्या प्रत्येक तासिकेला बँक दारात उभी असते. मी हप्ता माफ केला नाही. दंड लावला. शेवटी ती पोरं किराणावाल्यांकडं गेली, दोन टक्के सूट देतो पण दहा हजार आत्ता द्या म्हणून गळ घातली, आणि त्यांनी घासाघीस करून तीन टक्क्यांवर मिटवलं. इकडं किराणावाल्यांची पण एक चूक निघाली. डाळ पन्नास किलोच्या कट्ट्यात सुट्टी आली होती तोपर्यंत टॅक्स नव्हता, पण ह्यांनी तिचे एक किलोचे लेबलवाले पाकीट केले, आणि १८ जुलै २०२२ पासून पॅकिंग करून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या डाळीला ५ टक्के जीएसटी आहे. त्यांनी भाव काढताना तो धरलाच नव्हता.

उशिराचा परिणाम समजावायला अजून एक खेळ आहे, एका तासात होतो, तो जरूर घ्या. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जे फॉरेस्टर नावाच्या प्राध्यापकांच्या गटानं साधारण १९६० च्या सुमारास काढलेला आहे. किरकोळ दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर आणि कारखाना अशा चार पोरांची साखळी बसवायची, एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढं सरकवायची आणि माल पोचायला दोन आठवडे लागतात. गिऱ्हाइकाची मागणी चार पेट्यांवरून आठवर जाते, ती पण एकदाच, नंतर तिथंच राहते. तेवढ्यावर मागच्या कारखान्याची ऑर्डर कधी चाळीसवर जाते आणि नंतर शून्यावर येते. मी तो युरियाच्या गोण्यांवर खेळवतो, कारण जून-जुलैत युरियाची टंचाई आली की लोक गरजेच्या दुप्पट का उचलून ठेवतात हे आमच्या पोरांनी घरी बघितलेलं असतं. त्या दिवशी कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता तुमचे सहकारी म्हणतील की खोट्यापेक्षा खरंच द्या ना पैसे. दिल्ली सरकारनं २०२१ मध्ये सरकारी शाळांत अकरावी-बारावीच्या मुलांना धंद्यासाठी प्रत्येकी दोन हजार रुपये दिले होते, ते मला आवडलं, वाईट म्हणणार नाही. पण नववीला मी आधी खोटंच घेईन. आपल्याकडं दोन हजार बुडाले तर त्या पोराच्या घरी बोलणं बसतं, आणि एकदा बसलं की ते पोरगं पुन्हा हात लावत नाही. खोट्या पैशात तेच पोरगं एका वर्षात तीनदा चुकू शकतं. राहिली आपली आनंदनगरी. ती दर शाळेत होते, पोरं भजे-पाणीपुरी विकतात आणि संध्याकाळी सांगतात आठशे रुपये नफा झाला, पण तेल घरचं, बेसन घरचं, गॅस घरचा आणि सकाळी पाचपासून राबणारी आई पण घरची. आनंदनगरी बंद करा असं मी म्हणत नाही, यंदा फक्त एवढं करा की स्टॉल लावायच्या आधी आईच्या चार तासांची मजुरी पोरांना कागदावर लिहायला लावा. माझ्या वर्गात एका पोरीनं लिहिली, आणि घरी जाऊन आईला तो कागद दाखवला. आईनं तो देव्हाऱ्याजवळ ठेवलाय असं तिनं सांगितलं.

ह्या पद्धतीत जे जमत नाही ते पण सांगून ठेवतो. वर्गातलं गिऱ्हाईक रुसत नाही, पोरं एकमेकांची मित्र असतात, वसुलीला जाताना जी लाज वाटते ती वर्गात येत नाही. ते खऱ्या बाजारातच कळतं. म्हणून वर्षातून एक दिवस मी पोरांना आडत बाजारात नेतो, सौदा बघायला लावतो, एखाद्या आडत्याला विनंती करून तासभर बसवतो. तुमच्याकडं पण मोंढा आहे, ओळखीचा माणूस निघेल. आणि संभाजीनगरला महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय आहे, १९८८ पासूनची संस्था आहे, जिल्ह्यात त्यांची माणसं असतात, त्यांना एखाद्या तासिकेला बोलवायला हरकत नाही.

पालक येतील. आमच्याकडं तर डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा सोडून दुसरं काही ऐकायची तयारी नसते. मी त्यांना एकच सांगतो, पोरगं डॉक्टर झालं तरी दवाखाना चालवायचाच आहे, मशीनचा हप्ता भरायचाच आहे. बहुतेक जण ऐकून घेतात.

कॉम्प्युटर लॅबचं म्हणाल तर गरज नाही. आमच्याकडं लॅब आहे, तरी पहिलं सहामाही मी वहीवरच करतो. प्रत्येक ग्रुपला एक रोजमेळ, एक खतावणी, कार्बनचं बिलबुक, पावतीपुस्तक आणि सगळ्या वर्गात मिळून भिंतीवर एक मोठं कॅलेंडर, ज्याच्यावर कोणाचं कोणाला किती कधी देणं आहे ते लाल पेननं लिहायचं. ग्रुप सहाच्या वर नको, नाहीतर दोघं काम करतात आणि बाकीचे सह्या. आठवड्याला दोन तासिका पुरतात. नफ्यावर मार्क देऊ नका, रोजमेळ रोजच्या रोज लिहिला का आणि चूक झाल्यावर पत्र कसं लिहिलं ह्याच्यावर द्या, नाहीतर पोरं आकडे फिरवायला लागतात. आणि सोयाबीनच्या काढणीत निम्मा वर्ग रानात असतो, तेव्हा कॅलेंडर थांबवू नका. जायच्या आधी प्रत्येकानं आपलं येणं-देणं चिठ्ठीवर लिहून मागं राहणाऱ्याच्या हातात द्यायचं, ती चिठ्ठी कशी लिहायची ते सप्टेंबरमध्येच एकदा शिकवून ठेवा.