'बहाल' म्हणजे देणे नव्हे

प्रश्न असा आला आहे: 'राज्यघटनेने नागरिकांना मूलभूत हक्क बहाल केले' हे वाक्य बरोबर आहे का, आणि 'हक्क' लिहावं की 'अधिकार'?

दुसरा भाग सोपा आहे. घटनेच्या मराठी मजकुरात 'मूलभूत हक्क' आहेत, 2005 च्या कायद्यात 'माहितीचा अधिकार'. दोन्ही चालतात.

'बहाल' मात्र दर 26 जानेवारीला आणि 10 डिसेंबरला भाषणांत ऐकतो, आणि दर वेळी 'देणे' याच अर्थाने. चीड येते. फारसीत 'ब' म्हणजे 'सह' किंवा 'मध्ये' आणि 'हाल' म्हणजे स्थिती. ब-हाल, होत्या त्या स्थितीत! 'खुशाल' आणि 'बेहाल' यांचा हा सख्खा भाऊ. (मराठीने नुसत्या 'हाल'ला दुर्दशेचाच अर्थ चिकटवला.) हिंदीत अजून 'बिजली बहाल हुई' म्हणतात. ती वीज कोणी बक्षीस दिलेली नसते, गेलेली परत आलेली असते.

संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्क जाहीरनाम्याचं पहिलं कलमच सांगतं की माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत. (मसुद्यातला पुरुषवाचक शब्द काढून तिथे 'माणसं' आणली ती भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहतांनी.) जे जन्माबरोबर आलं, ते देणारा कोण?

'रूढ झालं ते शुद्ध' असं सांगणारे जाणकार इथे साफ चुकतात. हक्क 'दिलेला' मानला की तो काढूनही घेता येतो. आणीबाणीत, 28 एप्रिल 1976 ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धांना न्यायालयाचं दार बंद केलं, कारण कलम 21 साठी, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी, दाद मागणंच स्थगित होतं. जगण्याचा हक्क केवळ त्या कलमातून आलेला नाही, असं एकट्या न्या. हंसराज खन्नांनी लिहिलं. तो निकाल पुसायला 2017 उजाडलं आणि नऊ न्यायमूर्ती बसले.

तेव्हा घटनेने हक्क 'मान्य केले' किंवा 'हक्कांची हमी दिली' असं लिहा. आदिवासी गावाचा वनहक्काचा दावा मंजूर झाला, तर मात्र 'हक्क बहाल झाला' बेलाशक लिहा, कारण तिथे डावललेला हक्क परत मिळतो. वसाहतकाळात आणि स्वातंत्र्यानंतरही सरकारी वनं ठरवताना हे हक्क पुरेसे मान्य झाले नाहीत, हा 'ऐतिहासिक अन्याय' होता, अशी कबुली 2006 च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकातच आहे.