महिला शास्त्रज्ञ सहकाऱ्याचं नाव पुरस्कारासाठी सुचवायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या सहकारी रसायनशास्त्रात संशोधन करतात आणि वय ४२, असं तुम्ही लिहिलंय. नेटवरच्या जुन्या याद्या बाजूला ठेवा. केंद्र सरकारने विज्ञानाचे बरेच पुरस्कार गुंडाळून २०२३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आणले. त्यातल्या 'विज्ञान युवा - शांतिस्वरूप भटनागर'ला वयाची अट ४५ आहे. तो सगळ्यांसाठी खुला, पण वयात त्या बसतात. (याआधीचा, जुना भटनागर पुरस्कार मिळालेल्या पहिल्या महिला असीमा चॅटर्जी, १९६१, त्याही रसायनशास्त्राच्याच.)

खास महिलांसाठीचा मोठा पुरस्कार म्हणजे १९९८ पासूनचा लॉरियल-युनेस्को. जगाच्या पाच विभागांतून पाच जणी, प्रत्येकीला १ लाख युरो. कुष्ठरोगावरच्या कामासाठी इंदिरा नाथ यांना तो २००२ मध्ये मिळाला. इथे स्वतःचं नाव स्वतः पाठवता येत नाही. सम वर्षी जीवविज्ञान, विषम वर्षी भौतिक विज्ञानं (रसायनशास्त्र यातच येतं), गणित आणि संगणकशास्त्र. नामांकनं आदल्या वर्षी मागवतात, त्यामुळे चुकीचं वर्ष धरून बसलात की थेट दोन वर्षं गेली. विकसनशील देशांतल्या महिला शास्त्रज्ञांसाठीच्या ओडब्ल्यूएसडी-एल्सेव्हियर पुरस्काराच्या मागे लागू नका, त्यांच्या देशांच्या यादीत भारत नाही.

खरी गडबड शिफारसपत्रात होते. ट्रिक्स आणि सेन्का या संशोधकांनी २००३ मधल्या अभ्यासात अमेरिकेतल्या वैद्यकीय अध्यापकांच्या पदांसाठीची तीनशेवर शिफारसपत्रं तपासली. महिलांची पत्रं तुलनेने आखूड होती आणि त्यांत कष्टाळूपणाचं कौतुक जास्त. आपल्याकडेही 'अत्यंत मेहनती, शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय' एवढ्यावर भागवतात. परीक्षक बहुधा दुसऱ्या शाखेचा असतो, त्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. त्याऐवजी असं हवं: 'पॅलेडियमऐवजी लोखंडाचा उत्प्रेरक वापरण्याची कल्पना त्यांची. त्यामुळे खर्च इतका उतरला आणि अमुक प्रयोगशाळांनी ही पद्धत उचलली.' शोधनिबंधावर सात-आठ नावं असतील तर त्यांचा वाटा नेमका कोणता, हे स्पष्ट लिहा. नाहीतर श्रेय आपोआप ज्येष्ठ सहलेखकाच्या खात्यावर जातं.

बाळंतपणाचा खंड असेल तर बायोडेटात तारखांसह एका ओळीत द्या, सारवासारव नको. नियमांत वयाची सवलत असेल तर ती याच ओळीवरून मोजतात.

पत्र देणाऱ्यांना मुद्द्यांचं एक पान आणि निदान सहा आठवडे द्या. पीएचडीच्या मार्गदर्शकांचं पत्र एकच पुरे. बाकीची बाहेरच्या संस्थेतल्या, तुमच्या सहकाऱ्यासोबत कधीच निबंध न लिहिलेल्या लोकांकडून मिळवा.