वर्गसमीकरणाचा आलेख अक्षांना कुठे छेदतो? य-अक्षावरचा बिंदू चुकतो तो का?

तुमचं गणित असं आहे: हरभऱ्यातल्या स्प्रिंकलरच्या पाण्याचा मार्ग य = −०.१क्ष² + ०.८क्ष + ०.९ (अंतर आणि उंची मीटरमध्ये), तो अक्षांना कुठे छेदतो? क्ष-अक्षावरचे बिंदू जुळले, पण य-अक्षावर तुम्हाला (०, −९) मिळतोय आणि पुस्तकात (०, ०.९) आहे. पुस्तक बरोबर आहे. −९ म्हणजे नोझल जमिनीखाली नऊ मीटर. मराठवाड्यात उन्हाळ्यात तेवढ्या खोलीवर बऱ्याच विहिरींनाही पाणी नसतं!

दशांश घालवायला तुम्ही −१० ने गुणलंत, ते चांगलंच केलंत. पण ती सूट फक्त क्ष-अक्षापुरती. तिथे य = ०, आणि शून्याला कितीनेही गुणा, शून्यच. य-अक्षावर य शून्य नसतो, म्हणून डावी बाजूही गुणावी लागते: −१०य = −९, म्हणजे य = ०.९. खरं तर इतकंही नको. मूळ समीकरणात क्ष = ० ठेवा, जी संख्या उरते तेच उत्तर. मी तर हा बिंदू गुणाकार-भागाकाराला हात लावायच्या आधीच लिहून ठेवायला सांगतो.

आता क्ष-अक्ष: क्ष² − ८क्ष − ९ = ०. गुणाकार −९ आणि बेरीज −८ येईल अशा संख्या −९ आणि १, म्हणून (क्ष − ९)(क्ष + १) = ०. बिंदू (९, ०) आणि (−१, ०). पाणी किती लांब पडतं असं विचारलं असतं तर फक्त ९ मीटर, कारण −१ नोझलच्या मागे पडतो. इथे आलेख विचारलाय, तेव्हा दोन्ही लिहा. एक गाळला की मार्क जातात.

पडताळा सोपा आहे. ९ आणि −१ यांचा मध्य ४, आलेख त्याच्या दोन्ही बाजूंना सारखा. म्हणजे क्ष = ८ ला उंची क्ष = ० इतकीच हवी: −६.४ + ६.४ + ०.९ = ०.९. जुळलं.

अवयव पडत नसतील तर समीकरण अक्ष² + बक्ष + क = ० असं मांडा (अ, ब, क या त्यातल्या संख्या), आणि सूत्र: क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ. इथे दोन ठिकाणी हमखास घसरतात. ब = −८ असेल तर −ब म्हणजे +८; आणि २अ ने वरचं सगळंच भागायचं, नुसतं वर्गमूळ नाही. ब² − ४अक शून्य आलं तर आलेख क्ष-अक्षाला फक्त टेकतो, जसा क्ष² − ६क्ष + ९ हा (३, ०) ला. ऋण आलं तर क्ष-अक्षाला शिवतही नाही, पण य-अक्षाला छेदतोच: क्ष² + २क्ष + ५ साठी ४ − २० = −१६, तरी (०, ५) आहेच.