वाचक विचारतात : मालीश म्हणजे चैन की औषध?

मागच्या अंकात खांदेदुखीबद्दल लिहिताना मालिशीवर जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा रकाना मालिशीलाच देते आहे. दादरला फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते, त्याला यंदा सत्तावीस वर्षं झाली. त्याच्याही आधी, लालबागच्या चाळीत, माझी आजी बाळंतिणींना तेल लावायला जायची आणि मी तिची वाटी धरून मागे मागे असायचे. पुढची उत्तरं या दोन्हींच्या जोरावर लिहिली आहेत.

प्रश्न : माझे मिस्टर बेस्टची बस चालवतात. वय ५१. वर्षभर कंबर धरते. डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला, काळजीचं काही नाही म्हणाले. मुलीने वाढदिवसाला स्पाचं कूपन दिलं होतं. तासभर मालीश झाली, दोन दिवस अंग हलकं होतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दर आठवड्याला जाणं आम्हाला परवडणारं नाही. मालिशीने खरंच फरक पडतो की नुसते मनाचे खेळ?
— सौ. स. म., भांडुप

उत्तर : ताई, ते दोन दिवस खरे होते. तिसऱ्या दिवशीचं दुखणंही खरं होतं. एकदा मालीश करून वर्षभराची कंबर सुटत नाही, तिला सातत्य लागतं.

२०११ साली अमेरिकेत एक चांगला अभ्यास झाला. कंबरदुखी जुनी झालेल्या ४०१ लोकांचे तीन गट केले. दोन गटांना आठवड्याला एकदा, तासभर, अशी दहा आठवडे मालीश दिली. तिसऱ्याचे नेहमीचे उपचार चालू राहिले. मालिशीच्या गटांपैकी एकाला साधी, अंग सैल करणारी मालीश होती आणि दुसऱ्याला ठरावीक स्नायू शोधून केलेली खास तंत्राची. दहा आठवड्यांनी दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा बरे होते आणि साध्या मालिशीचा गट खास तंत्रवाल्यांपेक्षा मागे नव्हता. सहा महिन्यांपर्यंत फायदा टिकला, वर्षाने बराच ओसरला. ती साधी मालीशही शिकलेल्या लोकांनीच केली होती. तरीही घरच्या माणसांना शिकवण्याचं धाडस मला या अभ्यासामुळे होतं, आणि क्लिनिकमध्ये त्याचा गुण रोज दिसतो.

तर तुम्हीच करा, आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं. जमिनीवर सतरंजी घाला. मिस्टरांना पालथं झोपवा, पोटाखाली एक उशी, घोट्यांखाली चादरीची गुंडाळी. खोबरेल तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा. पूर्ण तळहात टेकवा आणि कमरेपासून मणक्याच्या दोन्ही बाजूंनी वर खांद्यांपर्यंत न्या, मग बगलेच्या कडेने खाली आणा. मणक्याच्या हाडावर दाब नको. पाच-सात मिनिटं एवढंच. मग खुब्यामागचा मांसल भाग कणीक मळतो तसा मळा. ड्रायव्हरची कंबर अर्धी तिथे अडकलेली असते. आठ-आठ तास सीटवर बसून आणि क्लच दाबून तो भाग दगडासारखा होतो. लोक मात्र तेवढाच सोडून बाकी सगळीकडे तेल लावतात.

दाब किती, हे मला आजीने शिकवलं. ती बाळंतिणीच्या चेहऱ्याकडे बघायचीच नाही, कारण चेहऱ्यावर माणूस सोसून नेतो. ती पायाच्या बोटांकडे बघायची. बोटं आवळली की हात हलका करायची, पसरली की जरा जोर लावायची. आजही पेशंट टेबलावर पालथा झोपला की माझी नजर आधी बोटांवर जाते. ‘जेवढं दुखेल तेवढा गुण’ यावर विश्वास ठेवू नका. दुखलं की स्नायू आणखी आखडतो.

मालिशीने मणक्यातली गादी जागेवर बसत नाही, तसं सांगणाऱ्याकडे जाऊ नका. दुखणं सैल होतं, माणूस हलायला लागतो आणि हलण्यानेच कंबर सुधारते. म्हणून बस डेपोत उभी असेल तेवढ्या वेळात मिस्टरांना खाली उतरून शंभर पावलं चालायला सांगा. पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत गेला, लघवीवरचा ताबा सुटला, ताप आला किंवा वजन उतरायला लागलं, तर मालीश थांबवून लगेच डॉक्टरांकडे.

प्रश्न : वय २९. विरारहून बीकेसीला जाऊन-येऊन पाच तास मोडतात. रात्री डोकं थांबत नाही, झोप येत नाही. मालिशीने शरीरातली विषद्रव्यं निघून जातात आणि ताण उतरतो असं वाचलं. खरं का?
— एक वाचक, विरार

उत्तर : ताण उतरतो हे खरं. विषद्रव्यांचं सोडून द्या. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, त्यांना मालिशीची गरज नाही. व्यायामानंतरचं लॅक्टिक आम्लसुद्धा साधारण तासाभरात आपलं आपणच कमी होतं.

आपल्याकडे काशाच्या वाटीने तळपाय घासतात, तळवे काळे पडतात आणि ‘बघ, उष्णता निघाली’ म्हणतात. तो काळेपणा काशातल्या तांब्याचा आणि तेला-तुपाचा असतो. पण झोप लागते! माझ्या घरी ती वाटी अजून आहे आणि मी ती वापरते.

मग होतं काय? मध्यम दाबाने हात फिरला की नाडी मंदावते, श्वास लांब होतो, शरीर धावपळीतून विश्रांतीकडे वळतं. अगदी हलका, गुदगुल्या होतील असा हात उलट माणसाला जागं करतो. लव असलेल्या त्वचेत काही मज्जातंतू खास सावकाश स्पर्शासाठी असतात. सेकंदाला साधारण ३ सेंटीमीटर वेगाने कोणी हात फिरवला, तर ते सर्वांत जास्त जागे होतात. म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत जायला आठ सेकंद. करून बघा, आठ सेकंद किती लांब असतात ते कळेल. आपण दीड सेकंदात उरकतो.

मालिशीवरच्या ३७ अभ्यासांचा २००४ साली एकत्र आढावा घेतला गेला. पुन्हा पुन्हा मालीश घेणाऱ्यांची नेहमीची चिंता आणि उदासी, मानसोपचाराने कमी व्हावी त्याच्या जवळपास कमी झाली होती. त्या मानाने एकाच बैठकीची मजल छोटी. म्हणून महिन्यातून एकदा महागडं पॅकेज घेण्यापेक्षा रोज झोपण्याआधी दहा मिनिटं द्या. आई किंवा बहीण पाठीवरून हात फिरवत असेल तर उत्तम, नाहीतर तुम्हीच हात, मान, पाय चोळा. फोन दुसऱ्या खोलीत. महिन्याभरानेही झोप आली नाही तर डॉक्टरांना भेटा, आणि यात कमीपणा वाटू देऊ नका.

प्रश्न : आई गावाहून चौदा तास बसने आली. डावी पोटरी सुजली आहे, हात लावला तर गरम लागते. मालीशवाल्या बाईंना बोलावू का?
— रा. क., मुलुंड

उत्तर : हे पत्र छापून यायची वाट मी पाहिली नाही, मेल वाचल्या वाचल्या फोन केला. इतरांसाठी इथे देते. लांबच्या प्रवासानंतर, ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस अंथरुणावर काढल्यावर एकच पोटरी सुजली, तापली, दुखू लागली, तर तिला तेलाचा हातही लावायचा नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर त्याच मिनिटाला.

प्रश्न : वय ७४. सौभाग्यवतीला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा-सून ठाण्याला, रविवारी येतात. मी महिन्यातून दोनदा संध्याकाळी चौपाटीवर जातो आणि मालीशवाल्याकडून डोकं आणि खांदे करून घेतो. दुखत काहीच नाही. घरी सांगितलेलं नाही. या वयात ही चैन बरी दिसते का, असं मनात येतं.
— गिरगावातले एक आजोबा

उत्तर : काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

माझ्याकडे एक आजी खांदा आखडला म्हणून यायच्या. चार महिन्यांत खांदा मोकळा झाला, हात वर जाऊ लागला, मी ‘आता येऊ नका’ म्हटलं. पुढच्या बुधवारी त्या पुन्हा दारात. खांद्यावर हात ठेवला तेव्हा म्हणाल्या, “तुझा हात लागला की त्या दिवशी घरी जाऊन नीट जेवते गं.” त्यांना शेवटचं प्रेमाने कोणी कधी हात लावला होता, हे विचारायचं मला तोवर सुचलंच नव्हतं. त्या बुधवारपासून एकट्या राहणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी ते विचारते. बसमध्ये धक्का लागतो, नर्स रक्त काढताना दंड धरते. काहींच्या आठवड्यात तेवढाच स्पर्श असतो. भूक लागावी तशी शरीराला स्पर्शाची ओढ लागते आणि वयाने ती सरत नाही. आयुर्वेदात अभ्यंग रोजचा सांगितला आहे, त्यात डोकं, कान आणि तळपाय यांवर विशेष भर. वयाची अट त्यात कुठे नाही.

तेव्हा दोनदा कशाला, दर आठवड्याला जा. शक्यतो ओळखीच्या त्याच माणसाकडे जा, म्हणजे तुमचा खांदा त्याच्या हाताला माहीत होईल. बसण्याआधीच त्याला सांगा, ‘मानेला झटका द्यायचा नाही.’ कटकन मान मोडताना मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो, सलूनमध्येही हे करून घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हाडं ठिसूळ झाली आहेत असं डॉक्टर म्हणाले असतील, तर दाब हलका ठेवायला सांगा. मधुमेह असेल तर तेल किती गरम आहे ते पायाला कळेलच असं नाही, आधी मनगटावर थेंब टाकून बघा. ताप किंवा अपचन असेल त्या दिवशी नको.

आणि येत्या रविवारी सुनेला सांगून टाका. नातवंडं असतील तर एकाला पायाशी बसवा. पाय चेपायला मुलांना आवडतं, फक्त ती घाई करतात. घोट्यापासून गुडघ्याकडे, मनात आठ आकडे मोजत एक हात, असं त्याला दाखवा.