जुन्या काळातला श्रेष्ठ सेंटर कोण?

प्रश्न : आमच्या शाळेच्या मुरमाच्या मैदानावर बास्केटबॉलचा एकच खांब आहे आणि रोज संध्याकाळी त्याखाली मुलांचा वाद रंगतो : अमेरिकेतला श्रेष्ठ सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा संघातला उंच खेळाडू, कोण? एका सामन्यात शंभर गुण करणारा विल्ट चेंबरलेन श्रेष्ठ, की अकरा अजिंक्यपदे मिळवणारा बिल रसेल? करीम अब्दुल-जब्बारला कुठे बसवावे? मुलांना काय सांगू?
— एक क्रीडाशिक्षक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : कोरडवाहू कपाशीचा आणि ओलिताच्या कपाशीचा उतारा आपण जमीन-पाणी न विचारता तोलत नाही, खेळाडूंचे आकडेही असेच त्यांच्या हंगामात ठेवून पाहावेत. १९६१-६२ मध्ये चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले. त्या काळी खेळ इतका वेगवान होता की एकेक संघ सामन्यात शंभराहून अधिक वेळा बास्केटवर नेम धरीत असे. शिवाय जादा वेळेतही तो बाहेर बसत नसल्यामुळे, अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामन्यात त्याची मैदानावरची सरासरी ४८.५ मिनिटे भरली. तरीही त्याच वेगात खेळणारे बाकीचे कोणी त्या आकड्याच्या जवळपास पोहोचले नाहीत, हे विसरू नये.

मात्र त्याच हंगामात खेळाडूंनी स्वतः मतदान करून सर्वोत्तम म्हणून निवडले ते रसेलला, आणि बाद फेरीत त्याच्या बोस्टनने चेंबरलेनच्या फिलाडेल्फियाला सातव्या सामन्यात दोन गुणांनी हरवले. मला ही निवड बोलकी वाटते. रसेल चेंडू अडवताना तो प्रेक्षकांत भिरकावून देत नसे. बोटांनी हलकेच वळवून तो आपल्याच सहकाऱ्याच्या हाती पडेल असे पाही, आणि तिथूनच बोस्टनची धाव सुरू होई. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये अडवलेल्या चेंडूंची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून होऊ लागली, तर रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. म्हणजे त्याचे सर्वांत मोलाचे काम कोणत्याही वहीत उतरले नाही.

श्रेष्ठपणाची दुसरी खूण नियमांत सापडते. या सगळ्यांच्या आधीचा सेंटर जॉर्ज मायकन रिंगखाली उभा राहून कोणाला दाद देईना, तेव्हा १९५१ मध्ये तिथला पट्टा, म्हणजे जिथे हल्ला करणाऱ्याला फार वेळ थांबता येत नाही ती जागा, सहा फुटांवरून बारा फूट रुंद केला गेला. पुढे चेंबरलेनच्या काळात, १९६४ मध्ये, तो सोळा फूट झाला. करीम कॉलेजात असताना १९६७ मध्ये कॉलेजच्या सामन्यांत डंक मारण्यावरच, म्हणजे उडी घेऊन चेंडू वरून थेट रिंगेत कोंबण्यावरच, बंदी आली. बचाव करणाऱ्याकडे खांदा करून, हात पूर्ण ताणून डोक्यावरून सोडलेला त्याचा हुक मात्र कोणत्याही नियमाला रोखता आला नाही. त्या फटक्याच्या बळावर त्याने वीस हंगामांत ३८,३८७ गुण केले आणि सहा अजिंक्यपदे मिळवली. नंतरच्या काळातल्या सेंटरांपैकी शकील ओनीलची ताकद आणि हकीम ओलाजुवानचे पदलालित्य मी या तिघांच्या लगेच मागे ठेवतो.

माझे मत विचाराल, तर दीर्घ कारकिर्दीसाठी करीम, एका हंगामाच्या पराक्रमासाठी चेंबरलेन. पण उद्या संघ बांधायचा झाला तर मी पहिले नाव रसेलचे घेईन. मुलांना एक संध्याकाळ गुण मोजू देऊ नका. अडवलेला चेंडू कोणाच्या हाती गेला, एवढेच खडूने फळ्यावर लिहायला सांगा आणि मग वाद पुन्हा सुरू होऊ द्या.