छोट्या शेततळ्यातल्या माशांसाठी कोणता एरेटर घ्यावा?

तुमचं शेततळं अमळनेरजवळ आहे, २० बाय २५ मीटर, भरल्यावर ३ मीटर खोल, पन्नी (प्लास्टिकचा कागद) टाकलेलं. त्यात रोहू, कटला, मृगळ मिळून ८०० बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडली आहेत. पाण्यात हवा मिसळायला, म्हणजे एरेटर म्हणून, एक दुकानदार २ एचपीचं पॅडलव्हील (पाणी उडवणारं चाक) घ्या म्हणतो, दुसरा ब्लोअर (पाइपातून हवा फुंकणारी मोटर) घ्या म्हणतो, आणि तळ्याचं पाणी उन्हाळ्यात कपाशी-लिंबाला लागतं, असं तुम्ही लिहिलंय.

भाऊ, थेट सांगतो. पॅडलव्हील घेऊ नका. साधारण १०० वॅटचे डायफ्रामचे (रबरी पडद्याने हवा ढकलणारे) दोन एअर पंप घ्या, त्यांना बारीक बुडबुड्यांच्या डिस्क जोडा आणि मागे इन्व्हर्टर-बॅटरी ठेवा. मीही यावल तालुक्यात केळीच्या शेततळ्यात मासे करतो आणि आमच्या भागातली बरीच तळी जवळून पाहिली आहेत. मशीन कोणतं हा प्रश्न नंतरचा. आधी दोन गोष्टी बघा: पहाटे चारला तुमच्या वावरात लाईट असते का, आणि मे महिन्यात तळ्यात पाणी किती उरतं.

दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ, म्हणजे प्लवंग, उन्हात ऑक्सिजन तयार करतं. दुपारी दोन-तीनला तळ्यात ऑक्सिजन भरपूर असतो. सूर्य मावळला की तेच शेवाळ ऑक्सिजन खायला लागतं. मासे खातात, तळाचा गाळ खातो, आणि रात्रभर साठा उतरत जाऊन उजाडायच्या आधी सगळ्यात कमी होतो. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर मासा खाऊन-पिऊन वाढतो. ३ च्या खाली गेला की खाणं सोडतो आणि रोगाला बळी पडतो. १ च्या आसपास बराच वेळ राहिला तर मरतो. म्हणून एरेटरची खरी ड्यूटी रात्री बारापासून सूर्य चांगला वर येईपर्यंत. दिवसा फक्त दुपारी तासभर चालवा, म्हणजे वरचं ऑक्सिजनवालं पाणी तळाशी जाईल.

आता तुमच्या तळ्याचा ठोकळ हिशोब. बाजू उतरत्या धरल्या तर पूर्ण भरलं की साधारण १० लाख लिटर पाणी बसतं. एवढ्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणजे बरोबर १ किलो ऑक्सिजन. समजा ८०० पैकी ६०० मासे टिकले आणि अर्ध्या किलोचे झाले, तर ३०० किलो माल. किलोमागे तासाला सुमारे ०.३ ग्रॅम ऑक्सिजन धरला, तर दहा तासांच्या रात्रीत मासे ९०० ग्रॅम ओढतात. म्हणजे भरलेल्या तळ्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमसुद्धा नाही. पण जुलैत सोडलेला मासा मे महिन्यात सगळ्यात मोठा असतो, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही पाणी पिकाला ओढता. तळ्यात मीटरभर पाणी राहिलं तर ते जेमतेम ३ लाख लिटर. तेवढ्यातून तेच ९०० ग्रॅम गेले की लिटरमागे ३ मिलिग्रॅम गेले. त्यात आपला खानदेशचा उन्हाळा. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात, ३४ ला सातच. आणि गरम पाण्यात माशाची भूक-धाप वाढते. जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो त्या दिवसांत हे सगळं एकदम अंगावर येतं. त्यामुळे पाणी दीड मीटरच्या खाली जाऊ देऊ नका. तसं जमणार नसेल तर मार्च-एप्रिलमध्येच मोठा माल काढून विका. यावर कोणतंही मशीन इलाज नाही.

दुसरी गोष्ट शेवाळाची, आणि ती मला माशांपेक्षा मोठी वाटते. पाणी गडद हिरवं झालं की शेवाळ आणि गाळ मिळून माशांच्या कितीतरी पट ऑक्सिजन रात्री खातात. तिथे १०० वॅटचा पंप काय किंवा १ एचपीचं चाक काय, पुरत नाही. डब्याचं गोल झाकण पांढरं रंगवा, काठीला लावा आणि दुपारी पाण्यात सोडा. ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनासं झालं तर पाणी छान. २० वरच गायब होत असेल तर शेणखत, सरकी पेंड, कोंडा सगळं थांबवा आणि तळातलं पाणी थोडं पिकाला सोडून वरून ताजं घ्या. तळाचं पाणी पिकाला चांगलंच, फक्त ठिबकचा फिल्टर रोज धुवावा लागेल.

आता मशीनकडे. पॅडलव्हील वाईट नाही. एकर-दीड एकराच्या, दीड मीटर खोलीच्या मातीच्या तलावाला त्याच्यासारखं दुसरं नाही, कारण ते पाणी उडवतं आणि पाण्याला फिरवतं. पण तुमचं तळं पाच गुंठ्यांचं आणि खोल आहे. चाक वरचं मीटरभर पाणी घुसळेल आणि तळाचं जिथल्या तिथे राहील. शिवाय २ एचपी म्हणजे तासाला दीड-पावणेदोन युनिट, बहुतेक मॉडेलला थ्री फेज, आणि लोखंडी सांगाडा पन्नीला घासला तर तळंच गळायला लागेल. कारंज्याचा एरेटर शोभेला छान दिसतो, पण तोही वरच्याच पाण्यावर खेळतो.

ब्लोअरवाल्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. खालून हवा सोडली की बुडबुडा वर येताना ऑक्सिजन देतो आणि तळाचं पाणी वर आणतो. खोल तळ्याला हीच पद्धत योग्य. पण दुकानात एक गोष्ट सांगत नाहीत. पाण्याच्या प्रत्येक मीटरला ब्लोअरला चौरस सेंटिमीटरला साधारण ०.१ किलो दाब ढकलावा लागतो. ३ मीटरला ०.३, वर पाइप आणि डिस्कचा अडथळा वेगळा. बहुतेक छोट्या रिंग ब्लोअरचा दम दीड-पावणेदोन मीटरपुढे टिकत नाही. तळाशी डिस्क टाकली तर मोटर तापते, हवा निघत नाही आणि शेवटी वाइंडिंग जळतं. म्हणून पाटीवरचा दाबाचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, मग तो ब्लोअर असो की डायफ्राम पंप. ‘इतके लिटर हवा’ हा आकडा किती खोलीवरचा, ते विचारा. पृष्ठभागावरचा आकडा काही कामाचा नाही.

डायफ्राम पंप सिंगल फेजवर चालतो, आवाज कमी करतो आणि दोन मिळून रात्रभरात दोन युनिट खातो. एका युनिटमागे पाण्यात अर्धा ते एक किलो ऑक्सिजन उतरतो असं धरा. वरच्या हिशोबातल्या ९०० ग्रॅमना ते पुरतं, वर पाणी हलत राहतं ते वेगळं. एकच मोठा न घेता दोन यासाठी, की एकाचा पडदा फाटला तर दुसरा रात्र निभावतो. पडद्याचा किट सुरुवातीलाच घेऊन ठेवा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावायचा विचार कोणी सुचवेल, तो धरू नका. दाब जास्त, हवा कमी, आणि तेल पाण्यात जातं.

डिस्क तळाला ठेवायच्या नाहीत. तरंगत्या ड्रमला दोरीने दीड मीटरवर लटकवा. पाणी उतरेल तशी दोरी आखूड करा, डिस्क तळापासून फूटभर वरच राहू द्या, नाहीतर गाळ उसळतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच, सावलीत. पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, लाईट गेली की पाणी उलटं पंपात येतं.

लाईटचं तुम्हाला सांगायला नको. शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. सोलर पंपावर एरेटर चालवू म्हणाल, तर तो दुपारचा तासभर चालेल, पहाटे उपयोग शून्य. १५० एएचची एक बॅटरी अर्धीच वापरायची असं धरलं, तर दोन्ही पंप साडेतीन तास, एकच लावला तर सातेक तास चालतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या, चौकोनी वेव्हवर हे पंप तापतात. ही बॅटरीच तुमची खरी खरेदी आहे, पंप त्यामानाने स्वस्त.

पाऊस सुरू झाल्यावर दोन वेळा जपायच्या. एक, आठवडाभर ढग राहिले की शेवाळ दिवसाही पुरेसा ऑक्सिजन करत नाही. दुसरी, कडक उन्हानंतर अचानक जोराचा पाऊस आला की तळाचं खराब पाणी वर येतं. अशा रात्री खाद्य बंद आणि पंप संध्याकाळपासून चालू.

पहाटे चारला टॉर्च घेऊन एकदा काठावर जा. कटला आधी दिसतो, मोठे ओठ पाण्याबाहेर काढून हवा गिळत असतो. काठावर पाय आपटा. मासे सपकन खाली गेले तर धोका अजून लांब आहे. पाय आपटूनही हलले नाहीत, तर त्याच क्षणी मोटार लावा आणि तळ्याचंच पाणी उचलून पाइपाच्या तोंडाला आडवी फळी धरून फवारा करून परत तळ्यात पाडा. बोअरचं पाणी सोडायचं तर तेही उंचावरून फोडून. खोल बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच.

आणि भाऊ, हे कळकळीने सांगतो. ओली पन्नी अतिशय निसरडी असते, आत घसरलेला पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडून खुंटीला पक्का बांधा, तळ्याला जाळीचं कुंपण करा. एरेटरच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग, आणि डिस्क साफ करायला उतरायच्या आधी मेन स्विच बंद. पहाटे एकट्याने जाऊ नका, घरातलं कोणीतरी सोबत घ्या.